दुसरीचा पोर्शन आणि हातचा एक

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझी परीक्षा सुरू होत असे.

शाळेत जायची खरं तर आमची अनुजा. वय सात, इयत्ता दुसरी, मुक्काम अर्विंग, टेक्सास. पण त्या सोमवारी तिच्या दप्तरातून तिच्या बाईंचं, मिसेस पार्करांचं, एक गुलाबी पत्र येई: या महिन्यात मुलं काय काय शिकणार. गणितात दोन आकडी बेरजा, विज्ञानात बिया, समाजशास्त्रात ‘आपले शेजारी’. इथल्या आया ते पत्र फ्रिजवर चिकटवून विसरून जात. मी नागपूरची एम.एस्सी. गणित, डिपेंडंट व्हिसावर घरात बसलेली! मला त्यात पोर्शन दिसला. आणि पोर्शन म्हटला की तो वेळेआधी संपवायचा असतो. (पत्राच्या शेवटी ‘मुलांशी रोज गप्पा मारा’ असंही होतं. ते परीक्षेला येणार नसावं म्हणून मी सोडून दिलं.)

“अगं, ते नुसतं माहितीसाठी असतं, यार,” माझा नवरा विवेक म्हणाला.

“मग विषयवार कशाला लिहिलंय?”

मी बियांपासून सुरुवात केली. आठवडाभरात घरातल्या सगळ्या वाट्यांमध्ये मेथी उगवली. आमटी प्यायला वाटी उरली नाही!

या सगळ्यामागे एक काळजी होती. घरी अनुजाच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, पण शाळेत तिच्या तोंडाला कुलूप. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी वर्गात एक अक्षर नाही. मिसेस पार्करांनी दोनदा कळवलं होतं. सगळं आधीच येत असलं की पोरगी आपोआप बोलायला लागेल, असा माझा हिशेब होता.

म्हणून बेरजा. आणि मी काही हातचं राखून शिकवणारी नव्हे.

“सात आणि आठ?”

“फिफ्टीन.”

“पंधराचे पाच खाली, हातचा एक. मूठ मीट, एक बोट वर. धरून ठेव! हातचा विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे!”

“ओके, आई. आय गॉट द हाचा.”

(‘हातचा’तला ‘च’ चाकातला. आमची लेक तो चहातला म्हणे आणि मधला ‘त’ गिळून टाके. त्या ‘च’ने आमच्यावर काय पाळी आणली, ते ऐका.)

गुरुवारी दुपारी मिसेस पार्करांचा फोन आला. आवाज फार जपून. “अनुजा आज वर्गात बोलली.”

मी आनंदाने उडीच मारली!

“ती म्हणाली, आई मला रोज हातात हॅचेट धरायला लावते. विसरले तर खूप रागावते. उद्या तुम्ही दोघं येऊ शकाल का?”

हॅचेट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. डिक्शनरी उघडली. छोटी कुऱ्हाड! मी लगेच विवेकला ऑफिसात फोन लावला. इथे मुलांना आईबापांपासून काढून नेतात, एवढं सगळ्यांकडून ऐकलेलं होतं.

“आपल्याकडे कुऱ्हाड कुठेय?” विवेक फोनवर ओरडला.

“विळी आहे!”

सासूबाईंनी सामानात बांधून दिलेली पितळी फुलाची विळी. पोरीने तीच पाहून काहीतरी सांगितलं असणार. घराची झडती झाली तर? मी ती साडीत गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत लपवली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये विवेकने जॅकेटसाठी डिकी उघडली.

“तू विळी घेऊन शाळेत आलीस?”

“घरी सापडू नये म्हणून!”

“अगं, शाळेत सापडली तर?”

त्याने डिकी अशी काही आपटली की दोन बायकांनी वळून पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे पाहून हसलो. चोर असेच हसतात.

आत मिसेस पार्करांनी अनुजाला जवळ बसवलं. “स्वीटी, आई काय धरायला सांगते ते दाखवशील?”

अनुजाने मूठ मिटली, एक बोट वर केलं. “हाचा एक.”

“हातचा!” मी किंचाळले. टेबलावरचा कागद ओढला, बेरीज मांडली, सात आणि आठ पंधरा करून दाखवले. मिसेस पार्कर आधी बघत राहिल्या, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “वी कॉल इट कॅरीइंग!”

मग त्या म्हणाल्या, “मी अजून कुणालाच काही बोलले नव्हते. आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं.”

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंचे उपकार आजही मानते. एक फॉर्म भरून वर पाठवणं किती सोपं होतं! परक्या देशात, मोडक्या इंग्रजीतल्या आईला आधी विचारायचं, एवढा धीर त्यांनी धरला. वर म्हणाल्या, “सोमवारी येऊन वर्गाला हातचा शिकवाल? अनुजाला आवडेल.”

सोमवारी मी कांजीवरम नेसून गेले. फळ्यावर बेरीज लिहिली: छप्पन्न अधिक अडतीस. बावीस पोरं टक लावून बघत होती. मी भराभर मांडत सुटले. सहा आणि आठ चौदा, चार खाली. पाच आणि तीन आठ. उत्तर चौऱ्याऐंशी! मी ऐटीत वळले.

मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. “नो, आई! यू फरगॉट द हाचा! इट्स नाइंटी-फोर!”

सगळा वर्ग वळून अनुजाकडे बघत होता. ती उठून थेट फळ्यापाशी आली, माझं उत्तर पुसलं आणि मूठ मिटून, बोट वर करून सगळ्यांना समजावू लागली. थांबेचना! मिसेस पार्करांनी माझा हात दाबला आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी उठली, माझ्या हातात टिश्यू दिला आणि हळूच म्हणाली, “डोन्ट क्राय. मॅथ इज हार्ड फॉर मी टू.”