मुचलक्यावरचा अंगठा

गिरजामावशी वांगी विकताना गिऱ्हाइकाचा हात धरायची. "हे नोको घेऊ, पोखरलेलं हाय," म्हणत त्याच्या पिशवीतलं वांगं काढून टोपलीमागे टाकायची. राज्याच्या सीमेपलीकडच्या नार्नूरच्या बाजारात तिच्यापुढे गर्दी असे, पण दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी असलेल्यांचीच. मी तिथल्या मराठी शाळेत शिक्षक होतो. माझ्या बायकोने एकदा भाव पाडून मागितला, तर म्हणाली, "बाई, तुमच्या गुरुजीनं पगार कदी पाडून घेतला काय?" तिथून आमची ओळख.

नवरा दारूपायी गेलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन भैंशाला. पुढे गुडघे धरले आणि मळ्यात वाकणं होईना. त्याच सुमारास मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकिणींच्या काही जागा निघाल्या. तिची निवड झाली. फक्त पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी व्हायची होती.

तो फॉर्म मीच भरला. 'आजवर कधी अटक झाली आहे काय?' असा एक प्रश्न त्यात होता. उत्तर मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी गावोगावच्या बायका सारा, म्हणजे ठेक्याची दारू, बंद करा म्हणून उठल्या होत्या. तेव्हा मावशीने पंधरा-वीस जणींना घेऊन दुकानातली पिंपं फोडली होती. पोलिसांनी धरून नेलं, दिवसभर ठाण्यात बसवलं आणि पुन्हा असं करणार नाही अशा मुचलक्यावर अंगठा घेऊन सोडून दिलं. एवढ्यावरून बाईची नोकरी जायला नको, असं मला वाटलं. तिला न विचारताच मी 'नाही' लिहिलं.

ठाण्यात बोटांचे ठसे घ्यायला एक जमादार होता. काचेच्या पाटीवर काळी शाई पसरून तो एकेक बोट धरायचा आणि नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कागदावर फिरवायचा. माती आणि मिरच्या यांनी मावशीची बोटं झिजून गेलेली. पहिल्या कागदावर नुसते काळे डाग उमटले.

"अम्मा, हाथ ढीला छोडो," जमादार म्हणाला.

"ढिला सोडला असता तं घर कोनं चालवलं असतं?"

साबण आणि कोमट पाण्याने हात धुऊन दुसरा कागद घेतला. आता रेषा दिसू लागल्या. मग त्याने जुनं रजिस्टर काढलं. त्यात तिच्या नावाची नोंद निघाली, सोबत तो मुचलकाही. जमादाराने भिंग लावून दोन्ही अंगठे बराच वेळ पाहिले. भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "गुरुजी, इस नाम की औरतां बहोत हैं. पुराना अंगूठा भी फैल गया. मिलता नहीं बोलके लिख देता मैं."

माझा जीव भांड्यात पडला. मावशीला हिंदी चांगली कळत होती.

"काऊन नाई मिळत?" ती म्हणाली. "माहाच अंगठा हाय तो. याच टेबलावर देल्ला व्हता. तुमीच धरला व्हता माहा हात. तवा तुमाले मिशी नव्हती."

जमादाराने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "इसमें तो नहीं लिखा है."

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी लिहिलं, मावशी. तुमच्या भल्यासाठी."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "गुरुजी," ती म्हणाली, "म्या पिंप फोडले. कोनाचं घर नाई फोडलं. मले लाज नाई, तुमी काऊन लाजून राह्यले?"

मी 'नाही' खोडून 'होय' लिहिलं आणि शेजारी तिचा अंगठा घेतला. जमादाराने अहवालात काय फोडलं, कशासाठी फोडलं आणि पुढे खटला चालला नाही, हे सगळं लिहिलं. तिच्यासोबत निवड झालेल्या बाकीच्या बायका महिनाभरात कामावर रुजू झाल्या. मावशीचा नेमणुकीचा हुकूम येईना. मी बाजारात तिच्या रांगेने जाणं टाळू लागलो. तर एकदा लांबूनच ओरडली, "गुरुजी, तोंड काऊन लपवता? हुकूम तुमच्या खिशात हाय काय?"

सातव्या महिन्यात हुकूम आला. नऊ वर्षं तिने त्या मुलींना जेवू घातलं. नव्या मुलींना पिंपांची गोष्ट ती स्वतःच सांगायची, ठाण्यासकट. एका उन्हाळ्यात भैंशाला मुलीकडे गेली आणि तिथेच वारली. मला बातमी आठवड्याने कळली.

निवृत्त झाल्यावरही लोक माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला येतात. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचतो आणि थांबतो. कोणी वैतागून म्हणतं, "तुमाले तं सगळं मालूम हाय, लिवा ना." मी पेन उचलून धरतो आणि म्हणतो, "तुमचं तुम्ही सांगा."