नोटांना इस्त्री

आमच्या जिन्याखाली टेबल मांडून जो इस्त्रीवाला उभा राहायचा, त्याला सगळी गल्ली कडक म्हणायची. शर्ट कसा झाला विचारा, "कडक!" तब्येत कशी आहे, "कडक!" सासऱ्याच्या अंत्यविधीहून तो परतल्यावर मी विचारलं, सगळं नीट पार पडलं ना? तेव्हाही सवयीनं तोंडातून "कडक" निघून गेलं. त्याची बायको मागेच उभी होती. पुढचे कितीतरी दिवस त्याचं ताट आपटून वाढलं जात होतं, वरपर्यंत आवाज यायचा.

तर हे सांगतोय ते साथीच्या वर्षातलं. कचेऱ्या बंद, शाळा बंद, जो तो घरात चुरगळलेल्या कपड्यांत बसलेला. एका चुरगळलेल्या माणसानं दुसऱ्या चुरगळलेल्या माणसाला कशाला लाजावं? कडकच्या टेबलावर रुमालसुद्धा येईना. मी जिन्यात पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा त्याची बायको खाली आली.

"माझा दादा बोलावतोय. त्याच्या कोंबड्या सांभाळा, राहायला खोली देतो म्हणतोय."

"अगं, कोंबड्या मला टोचतात."

"बऱ्या तुम्हालाच टोचतात?"

"त्यांना मी आवडत नाही. मागच्या खेपेला त्या कोंबड्यानं मला कुंपणापर्यंत पोचवून सोडलं होतं."

"महिनाअखेरपर्यंत काम आलं नाही, तर निघायचं. मग टोचू दे नाहीतर नाचू दे."

कडक हसला नाही. या टेबलाशिवाय दुसरीकडे कधी उभाच राहिला नव्हता तो. कोणाची कॉलर कुठे विरलीय, कोणाच्या खिशात तिकिटं राहतात, सगळं त्याच्या बोटांना पाठ.

त्यातच समोरच्या किराणावाल्या ताईंनी एक नवीन टूम काढली. बाई एरवी धीट, पण साथीला जाम घाबरल्या. गिऱ्हाइकाची नोट चिमट्यानं धरायच्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि झाकण लावायच्या. माणसांना वेगळं ठेवतात तसं नोटांना. चार दिवस हात लावायचा नाही! भाजीवाल्यानं ते पाहिलं, त्यानंही डबा आणला. मग दूधवाल्यानं, मग शिंप्यानं. फोनवरून पैसे पाठवणारी तरुण पोरं आपापल्या घरी निघून गेली होती. मागे उरलो आम्ही, नोट हातात आली तरच पैसे आले मानणारे. बघता बघता गल्लीतला सगळा पैसा डब्यांत जाऊन झोपला. भाजी विकून भाजीवाला तांदूळ घ्यायला येई तो रिकाम्या हातानं. दूधवाला दाराशी आला की ताई म्हणायच्या, "पैसे आहेत रे, पण अजून बरे झाले नाहीत."

बातम्यांत मात्र भलतंच. लोकांनी बँकेतून कधी नव्हे इतक्या नोटा काढून घरी नेल्या म्हणे, आणि वर नव्याही छापणं चाललंय! माझ्या शेजारी बँकेतल्या कॅशिअर बाई राहतात. त्यांना मी गाठलंच.

"बाई, नोटा एवढ्या वाढल्या, मग आमची गल्ली कोरडी का?"

"आजोबा, वाढल्यात, पण फिरायच्या थांबल्यात. एकच नोट दहा हातांतून गेली तर दहा जणांचं काम होतं. डब्यात बसली तर कोणाचंच नाही."

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी हौदाची गणितं घालायचे. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, सांगा किती वेळ लागेल. पण हौद काठोकाठ भरलाय आणि सगळे तहानलेले, असलं गणित त्यांनी कधी घातलं नाही. घातलं असतं तर आमच्याबरोबर गुरुजीही नापास झाले असते.

मी हे कडकला रंगवून सांगितलं. तो ऐकता ऐकता थांबला, त्यानं इस्त्रीकडे बघितलं आणि तरातरा ताईंच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या नोटा मला द्या. इस्त्री फिरवून लगेच परत."

"तुझ्या इस्त्रीनं मरतो का तो विषाणू?"

"एकदा माझं बोट आलं होतं तिच्याखाली. मी वाचलो ते नशीब. त्याची काय कथा?"

ताईंना पटलं. नोटेवर ओलसर फडकं, त्यावरून इस्त्री, चर्रकन वाफ, आणि नोट कोरी करकरीत! दुपारपर्यंत रांग लागली. डबे उघडले. भाजीवाल्याला तांदूळ मिळाला, दूधवाल्याला पैसे, शिंप्याला भाजी. एका नोटेवर कोणीतरी शाईनं मिशा काढल्या होत्या. ती सकाळी ताईंकडून आली, जेवणाच्या वेळी दूधवाल्याकडून, संध्याकाळी शिंप्याकडून. कडक तिला म्हणाला, "काय पाव्हणं, परत आलात?" मजुरी म्हणून कोणी कांदे देई, कोणी साबण. बायको खाली येऊन ढीग बघून गेली आणि दादाचं नाव काढेनाशी झाली.

महिना संपत आला तशा कॅशिअर बाई बँकेतून थेट त्याच्या टेबलापाशी आल्या. हातात नोटांचं पुडकं.

"या तुमच्याच ना? आकसल्यात. आमचं मोजायचं मशीन एकेक बाहेर फेकतंय. एवढ्या मी बदलून देते, पण नोट भाजायची नसते हो. नोट घ्या, हात साबणानं धुवा, बस्स."

बाई वर गेल्या. ऐकलं होतं फक्त त्यानं आणि मी. मी हळूच म्हटलं, "थोडेच दिवस राहिलेत की महिन्याचे. तेवढे रेट."

त्यानं इस्त्रीची वायर काढली. डोळ्यांपुढे कोंबड्या नाचत असणार त्याच्या. चेहराच तसा झाला होता. पण गेला तो ताईंच्या दुकानासमोर, जिथं सगळे अंतर ठेवून उभे होते.

"ऐका! माझी चूक झाली. इस्त्रीनं नोट खराब होते. उद्यापासून बंद."

"म्हणजे पुन्हा डबे?" ताई ओरडल्या.

"डबे नकोत." त्यानं भाजीवाल्याच्या हातातली चिंब नोट उघड्या हातानं घेतली, खिशात घातली, आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण चोळला.

"कसं वाटतंय?" भाजीवाल्यानं लांबूनच विचारलं.

"ओलं."

सगळे हसले. मग एकेक जण नळाशी आला. ताई मात्र चिमटा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कडक, उद्यापासून माझ्याकडे ये. म्हातारी मंडळी खाली उतरत नाहीत, त्यांना सामान पोचवायचं, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे. मी चिमट्यानं नोट पुढे केली की लोक घ्यायला कचरतात. तुझ्या हातची घेतील."

"माझ्या का?"

"स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं सांगणारा बावळट दुसरा कुठून आणू? कपडे यायला लागले की जा परत टेबलाशी."

कडक धावतच जिन्याशी आला. बायकोनं वरूनच सगळं ऐकलं होतं, तिच्या कानाला फोन होता.

"नाही दादा, हे येत नाहीत. यांना नोकरी लागली." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मग ती म्हणाली, "कोंबड्यांचं काय म्हणून मला काय विचारतोस? त्यांना विचार, यांच्याशिवाय करमतंय का."