फाटकासमोरचा ढीग

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या कचऱ्यावरून रोज जुंपते. एका गटाचं म्हणणं, कचरा जाळून वीज करणारा मोठा प्रकल्प शहरात यायलाच हवा, नाहीतर आपण सगळे गाडले जाऊ. दुसऱ्याचं म्हणणं, घराघरातच कचरा नीट वेगळा केला तर जाळायला उरेलच काय. दोन्हीकडची मंडळी हुशार आहेत. यातल्या निम्म्यांच्या घरचं ओलं आणि सुकं एकाच बादलीतून येतं, हे मला घंटागाडीपाशी रोज दिसतं, पण ते सोडा. मी ग्रुपवर काही लिहीत नाही. हेच भांडण मी आमच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून चहाबरोबर ऐकलेलं आहे. ते दोघंही आता नाहीत, आणि त्यांच्यानंतर या विषयावरचं कुणाचंही बोलणं मला अळणीच लागतं.

त्यातले एक माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचा सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपात, स्टोअरला गेला. तिथं जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. घरीही त्यांनी तोच कायदा लावला होता. टूथपेस्टची नळी शेवटपर्यंत पिळलेली दाखवावी, तेव्हा कपाटातून नवी निघायची. लग्न होऊन आल्यावर सुरुवातीला मला हे फार जाचक वाटायचं.

दुसरे त्यांचे मित्र. कन्नडकडच्या एका साखर कारखान्यात ते बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर गारखेड्यात आले, आमच्या मागं दोन गल्ल्या सोडून. मी त्यांना काका म्हणायचे. दोघांच्याही बायका आधीच गेलेल्या. काकांची मुलं पुण्याला, त्यामुळे ते एकटेच राहायचे आणि आपल्या हातानं भाकरी थापायचे. उसाचा रस काढून उरलेला भुसा भट्टीत जातो आणि त्याच वाफेवर अख्खा कारखाना फिरतो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलेलं होतं की त्यांनी सुरुवात केली की पुढचं वाक्य मी मनातल्या मनात म्हणून मोकळी व्हायचे.

"जाळलं म्हंजी वाया गेलं आसं नसतं," ते म्हणायचे.

"एकदा जाळलं की परत मागता येत नाय गड्या," मामा म्हणायचे.

पण हे दोघं भेटायचे कधी, तर महिन्या-पंधरा दिवसांनी. कुणाच्या लग्नात, नाहीतर पेन्शनच्या कामाला बँकेत. रोजचं जाणंयेणं नव्हतं. ते सुरू झालं शहरात कचरा तुंबला त्या वर्षी.

त्या वर्षी शहराचा कचरा जिथं नेऊन टाकायचे, तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं आपली घाण त्यांच्या दारात पडत होती, त्यांचं काय चुकलं? मग ती घाण आमच्या दारात राहिली. आमच्या फाटकाला लागून विजेची डीपी आहे, तिच्या आडोशाला सगळ्या गल्लीनं पिशव्या टाकायला सुरुवात केली. कुत्री, गाई, माश्या, सगळे आले. वास तर असा की पाहुण्यांना आम्ही फोनवरच सांगायचो, आत्ता येऊ नका.

एका पहाटे फाटक वाजलं. बाहेर काका, हातात लांब सळई. मामांना म्हणाले, "तुझ्या दारात ही घाण बघवत नाय मला. तू बस. ह्या कामाचा मी जाणता माणूस हाय." आणि त्यांनी ढीग पेटवला. खाली वाळलेला पाला, मधे हवेला वाट, वर पुठ्ठे. काम अगदी शिस्तीत. नंतर दोघं आमच्या ओट्यावर चहाला बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

काकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मामांना दमा होता. चारचौघांत त्यांनी तो कधी दाखवला नाही. औषधाचा पंपसुद्धा खिशात न ठेवता देव्हाऱ्यामागं ठेवायचे. बाहेर धूर निघाला की मामा न्हाणीघरात जायचे, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचे, आणि तोंड पुसून हसत ओट्यावर येऊन बसायचे. मी चहा द्यायला गेले की दिसायचं, डोळे लाल, छातीतून शिट्टी येतेय, आणि हा माणूस बॉयलरच्या गोष्टीला मान डोलावतोय.

माझं डोकं फिरायचं. मला शिकवायला सकाळची शाळा गाठायची असायची, तरी एक दिवस थांबून म्हटलं, "मामा, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते काकांना."

"एक शबूद बोलायचा नाय," मामा म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "माझ्यासाठी अंधारात उठून येतो त्यो. त्याला काय म्हणू, तुझा जाळ मला बाधतो?"

त्याच संध्याकाळी मामा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन गल्लीत निघाले. दारोदार जाऊन सांगितलं, कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या टाकू नका, मला द्या. भाजीचं देठ-साल आणि झाडाचा पाला वेगळा द्या. आमच्या अंगणात त्यांनी पाण्याच्या जुन्या टाकीला भोकं पाडली आणि ओलं आणि पाला त्यात माती घालून जिरवायला लागले. मी मनात म्हटलं, आता कळलं. जळणच शिल्लक ठेवायचं नाही, म्हणजे जाळ आपोआप बंद. कुणाला दुखवायला नको. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

आज ते दिवस आठवले की हसू येतं. आमचं अंगण म्हणजे गल्लीचा बाजार झाला होता. बायका पिशव्या घेऊन यायच्या आणि निवडता निवडता एकमेकींच्या घरात डोकवायच्या. कोणाकडे घरचा मसाला म्हणून पाकिटाचा वापरतात, हे तिथं उघडं पडलं. दुधाच्या पिशव्या धुऊन मामा दोरीवर चिमट्यांनी लावायचे, माझ्या साड्यांच्या शेजारी. माझ्या बहिणीनं ते पाहून विचारलं, तुम्ही डेअरी काढली का. शेजारीपाजारी एरवी गाडी काढताना मान हलवण्यापुरते ओळखीचे असतात, ते त्या काळात खरोखर शेजारी झाले. पुढं कधी तसं झालं नाही.

काका आले ते चिडवतच. "काय रे, स्टोअरकीपरचा भंगारवाला झालास?" पण पेटवून झालं की तेही गोणीपाशी बसायला लागले. बूच वेगळं, बाटली वेगळी. चहा दोनदा व्हायला लागला. ऊन ओट्यावर यायचं तरी यांचं उठायचं नाव नसायचं, आणि वाद चालूच.

घोटाळा झाला तो भंगारवाल्यापाशी. तो हातगाडीवर बाकी सगळं भरायचा, पण वेफर्सच्या, गुटख्याच्या चमकत्या पन्न्या बघून हात झटकायचा. "मामू, ये पन्नी कोई नै लेता." तुटक्या चपला नको, लहान मुलांचे डायपर तर नकोच.

"मंग ह्येचं काय करतो, सांग," काका म्हणाले. "ह्येला आगच."

मामांनी पन्न्या परत ढिगावर नेऊन टाकल्या. आजही कुणाकडे याचं धड उत्तर आहे असं मला वाटत नाही. पाला, पुठ्ठा, कागद, जे स्वच्छ जळायचं ते सगळं मामांनी काढून घेतलं होतं. ढिगात उरलं ते फक्त हे. जाळ लहान झाला आणि धूर काळाकुट्ट. काकांनाही ते पटत नव्हतं. "ह्यो थंड जाळ हाय," ते पुटपुटायचे. "भट्टीत धूरच जळून जातो. हितं निस्ता हिंडतो." पण मित्राच्या दारात घाण राहू द्यायची नाही, म्हणून पेटवत राहिले.

अशाच एका सकाळी ओट्यावर मामांच्या हातातला कप निसटला. त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडायला लागले. माझा नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला गेलेला. काकांनीच धावत जाऊन रिक्षा आणली, मामांना उचलून आत बसवलं आणि दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं छातीशी धरून होते. तिथं मशीन लावलं, इंजेक्शन दिलं, हळूहळू श्वास जागेवर आला.

बाहेरच्या बाकावर काकांनी मला विचारलं, "कधीपासून?"

माझ्यानं राहवलं नाही. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. नळाचं सांगितलं, पंपाचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून निघून गेले. आम्ही घरी आलो तर ढिगावर बादल्या ओतून तो विझवलेला होता.

त्यानंतर काका आले नाहीत. मामा रोज पहाटे उठून ओट्यावर बसायचे. दोन कप ठेवायला सांगायचे आणि दुसरा गार झाला की मुकाट्यानं तोही पिऊन टाकायचे. गोण्या भरल्या, त्यांना हात लावला नाही. हवा स्वच्छ होती, छाती बरी होती, आणि माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. मला वाटायचं, मी बोललेच नसते तर. पण न बोलून काय करायचं होतं, मरू द्यायचं होतं?

शेवटी एका संध्याकाळी मामा म्हणाले, "चल पोरी, जरा धर मला." थांबत थांबत आम्ही काकांच्या घरी गेलो. त्यांच्या फाटकाशी आमच्यापेक्षा मोठा ढीग साचलेला होता, त्यातून पाय चुकवत आत शिरलो.

काका खाटेवर बसलेले. उठले नाहीत.

"तू सांगितलं कामून नाय?" काका म्हणाले. "माझ्या हातानं जीव गेला आसता तुझा. मी काय परका होतो?"

मामा खाली बघत म्हणाले, "जाळायला येत व्हतास म्हणून बसत व्हतास. जाळणं थांबलं आसतं, तर तू कशाला आला आसतास? म्हणून तर त्या गोण्या आणल्या. दुसरं काय तरी काम पायजे व्हतं तुला यायला."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटत होतं, ते जळण काढून घेतायत. घरात आम्ही इतकी माणसं, जेवण वेळेवर, औषध वेळेवर, आणि या माणसानं बाजूला कुणीतरी बसावं म्हणून धूर गिळला होता. मला रडू आलं आणि दोघांचा रागही आला.

काका उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बोट दाखवलं.

"त्यो ढीग दिसतो का? माझ्या दारातला. त्यो कधी पेटवला का म्या?"

मामांनी वाकून पाहिलं. ढिगाशी एक गाय पिशवी ओढत होती.

"मी कचऱ्यासाठी येत व्हतो व्हय, येड्या?"

आम्ही निघालो तेव्हा काकांनी चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि मामांचा हात माझ्याकडून आपल्या हातात घेतला. कुठं निघालात, असं कुणी विचारलं नाही.