जपानच्या बाईंचे कंट्रोलर

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमच्या शेजारचे कंट्रोलर काका एकटे करतात आणि उरलेली निम्मी बाकीच्या माणसांत वाटली गेली आहे, अशी माझी खात्री आहे. हिंगोलीच्या बसस्थानकावर त्यांनी तीसेक वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, साखऱ्याला परतले, तेव्हा हातात शाल-श्रीफळ होतं आणि डोक्यात अख्ख्या जिल्ह्याचे प्रवासी. मी इथल्या शाळेत शिक्षिका, त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. मीटिंगसाठी हिंगोलीला निघाले की सेनगाव येईपर्यंत त्यांचे तीन फोन होतात. "म्याडम, पोचल्या का?" "काका, अजून गाडीतच आहे." "व्हय, पण बराबर बसल्या ना?" लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मांडवभर फिरून प्रत्येकाला "परत कशानं जाणार?" असं विचारतात. एकदा बोहल्यावरच्या नवरदेवालाही विचारून आले.

त्यांचं मन जरा रमावं म्हणून मी एक उद्योग केला आणि तो मला चांगलाच भोवला. माझा भाऊ संभाजीनगरला असतो, त्याला परदेशी चित्रपटांचं वेड. त्याच्याकडून मी एका जपानी नटीच्या चित्रपटांचा संच आणला, सोबत तिची कारकीर्द सांगणारी इंग्रजी पुस्तिका. या बाई सोळाव्या वर्षी पडद्यावर आल्या, वीसेक वर्षं नायिका म्हणून गाजल्या आणि मग ऐन भरात अभिनय सोडून दिग्दर्शक झाल्या. त्यांचं नाव घेताना काकांची जीभ अडखळायची, आणि माईकवर अडखळणं त्यांना मंजूर नव्हतं, म्हणून त्या नुसत्या 'बाई' झाल्या. काकांची काळजी कमी व्हायची राहिली बाजूला, तिला परदेशवारी घडली.

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना सोयाबीनची पोती लावून अंधार करायचा, शाळेचा प्रोजेक्टर मांडायचा आणि भिंतीवर चादर. गावातल्या नि तांड्यावरच्या बायका आपापला सतरंजीचा तुकडा घेऊन यायच्या. खालच्या इंग्रजी ओळी कुणाला वाचता येणार? म्हणून मी आदल्या दिवशी काकांना गोष्ट समजावून सांगायची आणि ते दुसऱ्या दिवशी ती माईकवरून पुकारायचे. "प्रेक्षकांनी लक्ष द्यावे. बाई घरातून निघालेल्या आहेत. समोरून येणारे गृहस्थ बाईंचे सासरे आहेत." पहिल्याच चित्रपटात बाई चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होत्या, तर काका माईक विसरून ओरडले, "पायरी हाय, पायरी!" बाई सुखरूप उतरल्या. सगळ्या सभागृहाने सुस्कारा सोडला.

पण खरी गंमत शेवटांची होती. जपानमधल्या त्या दिग्दर्शक मंडळींचं बाईंशी काय वाकडं होतं कोण जाणे, दरवेळी त्या शेवटी एकट्याच कुठेतरी उभ्या. एकदा बर्फात पुलावर उभ्या आहेत आणि चित्रपट संपला. तेवढ्यात माईकवरून घोषणा झाली, "पुलाच्या पलीकडे बाईंचे बंधू गाडी घेऊन उभे आहेत. कृपया चिंता करू नये." दुसऱ्या एकात नवरा समुद्रावर गेला तो गेलाच, तर काकांनी सांगितलं की मालक पुढच्या बोटीने येत आहेत आणि बोट वेळेवर आहे. बायका खूश होऊन सतरंज्या झटकत घरी गेल्या. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, असं नाहीये ते." तर माझ्यावरच डोळे वटारले, "म्याडम, एवढ्या बायामाणसांनी त्या लेकराला बर्फात उभं करून घरी जेवाय जायाचं का?"

आणि त्या बायामाणसांत पहिल्या रांगेत आक्का असायच्या. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, नवऱ्यामागं भावाकडेच राहणारी. त्यांचा एकुलता मुलगा सहा वर्षांपूर्वी पुण्याला कामाला गेला. आधी फोन यायचे, मग नंबर बदलला, मग काहीच नाही. काका दोनदा पुण्याला जाऊन हात हलवत परत आले. घरात त्याचं नाव निघत नाही. आक्का कधी देवळातही फार वेळ बसल्या नाहीत, पण बाईंचा एकही चित्रपट त्यांनी चुकवला नाही. तिथं सगळी माणसं घरी परत येत होती ना.

असं करत करत आम्ही बाईंच्या चाळिशीला येऊन पोचलो. आता पुढच्या चित्रपटापासून बाई स्वतः दिग्दर्शक, असं मी सांगितल्यावर काकांचं जेवण सुटलं. "काहून पण? चांगलं बस्तान बसल्यालं असताना?" मग पुरुषमाणसं त्यांचं ऐकतील का, थंडीवाऱ्यात दिवसभर उभं राहायची तकलीफ सोसवेल का, एक ना दोन. पुस्तिकेत लिहिलं होतं की पहिल्या दिवशी 'सुरू करा' म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. ते ऐकून काका कासावीस झाले. "माझं बी पयल्या दिशी तसंच झालतं. एक घोट पानी पेयाला पायजे हुतं." शनिवारी त्यांनी बाईंसाठी उपास धरला. मी म्हटलं, "काका, हा चित्रपट होऊन बरीच वर्षं झालीत." "व्हय, पन आपुन अजून पायला न्हाई ना!"

आधी आम्ही दोघांनीच माझ्या खोलीत पाहिला, तेव्हा दोघांचंही धाबं दणाणलं. एका खेड्यात एक म्हातारी आई. मुलगा शहरात गेलेला. ती रोज त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते, दाराला कडी लावत नाही. दीड तास एवढंच. मुलगा येत नाही. काका माझ्या ओट्यावर डोकं धरून बसले. मी म्हटलं, "बदला की. आजवर बदलत आलातच." काकांनी नकाराची मान हलवली. मग म्हणाले, "आजपस्तोर बाई दुसऱ्याची गोष्ट करून राहिल्या हुत्या, म्हून म्या हात घातला. पयल्यांदा सोताच्या मनातलं सांगून राहिल्या, त्यात म्या कसा हात घालू?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्याडम, पोराची पुन्याची गाडी म्याच पुकारली हुती. म्याच बसवलं त्याला." मी चहा केला, तो तसाच गार झाला.

आक्का रोज विचारत होत्या, "बाईचा शिनेमा कवा?" काकांनी लाईट जाईल अशी आशा धरली. त्या रविवारी लाईट गेली नाही. प्रोजेक्टरही कधी नव्हे इतका लख्ख चालला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पडद्यावर बाई काही दिसेनात. मागून एकीने विचारलं, "बाई कुठं हाय?" दुसरी म्हणाली, "अगं माय, गेली का काय!" आणि चक्क डोळ्याला पदर लागले. काकांनी घाईघाईने माईक ओढला, "बाईंची तब्येत ठणठणीत आहे. त्या कॅमेऱ्याच्या मागे उभ्या आहेत. त्या सांगून राहिल्यात तसं ह्ये समदे वागून राहिलेत." बायकांचा जीव भांड्यात पडला. माझा आणि काकांचा पडायला अजून सव्वा तास होता.

शेवट आला. म्हातारीने ताट झाकलं. दार नुसतं लोटून घेतलं. उजाडलं, कोंबडा ओरडला आणि चादरीवर जपानी अक्षरं सरकू लागली. सगळं सभागृह घोषणेची वाट बघत होतं. तांड्यावरची एक बाई न राहवून म्हणाली, "मंग? पोरगं येऊन राहिलं ना, कंट्रोलर?" काकांनी आक्कांकडे पाहिलं. माईकची नुसती खरखर सगळ्यांना ऐकू येत होती. "मुलगा," ते म्हणाले, आणि नोकरीच्या त्या पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच माईकवर अडखळले. "मुलगा आलेला नाही. गाडीबद्दल कोणतीही माहिती उपलब्ध नाही."

काका धावत आक्कांपाशी गेले, त्यांचा हात धरून खाली बसले. मला वाटलं, झालं, आता ही माउली कोसळते. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इतके दिस समद्यांला तूच घरी आनून सोडत हुतास. मला कळत न्हाई व्हय? पन ह्या बाईला ठाव हाय, ताट कसं झाकत्यात." मग सगळ्या गावासमोर त्यांनी मुलाचं नाव घेतलं, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. मग भावाला म्हणाल्या, "तू नुस्ती गाडी लागली म्हून सांगितलंस, बापू. जायाचं त्यानं ठरवलं हुतं." काका ओक्साबोक्शी रडले. मला तर प्रोजेक्टर बंद करायचंही भान राहिलं नाही.

त्यानंतर बाईंचे आणखी तीन चित्रपट आम्ही पाहिले, आणि काकांनी एकाचाही शेवट बदलला नाही. संचात आता एकच उरला आहे. पुस्तिकेचं शेवटचं पान मी त्यांना वाचून दाखवलं, तिथं लिहिलंय की या चित्रपटानंतर बाईंनी काही केलेलं नाही, त्या कुठेतरी गावाकडे एकट्या राहतात. तेव्हापासून काका तो चित्रपट लावू देत नाहीत. आक्का दर रविवारी विचारतात, आणि ते म्हणतात, "ऱ्हाऊ द्या तेवढा. बाई ठीक हायत का, ते आधी कळू द्या." आता साखऱ्यात बसून ते कळणार कसं? पण रविवारी समाजमंदिरात, पोती लावायची राहिलेल्या उघड्या खिडकीपाशी ते दुपारभर बसलेले दिसतात, तेव्हा मलाही वाटतं, कुणीतरी त्या बाईंची चौकशी करायला हवी.