बत्तीस एमबीची मर्यादा

मंगळवारी सकाळी आमच्या ओसरीत बसून मी एका रुसलेल्या सर्व्हरशी भांडत होते. ओसरीत अशासाठी, की शहाद्याजवळच्या आमच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त तिथल्या खिडकीपाशी… डोक्यावर ओढणी आणि ओढणीखाली हेडफोन, असा माझा ऑफिसचा थाट असतो.

ओढणी कशाला, तर समोर ओट्यावर आप्पा बसलेले असतात. आप्पा म्हणजे माझे सासरे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही, त्यांच्यासमोर जेवायला बसत नाही. याला आमच्याकडे मर्यादा म्हणतात.

इतकी वर्षं काही अडलं नाही, कारण मध्ये माय होत्या, माझ्या सासूबाई. सगळे निरोप त्यांच्यामार्फत जायचे… मागच्या वर्षी माय गेल्या. नवरा सुरतला नोकरीला, रविवारी येतो. आठवडाभर घरात आप्पा, मी आणि अंगणात बांधलेली ढवळी गाय.

मग आप्पांनीच एक मार्ग शोधला. ते ढवळीशी बोलायला लागले. "ढवळे, बीपीनी गोयी सरनी वं," असं ते तिला मोठ्याने सांगतात आणि मी समजून जाते, गोळ्या संपल्या, शहाद्याहून आणायच्या. मग मीही "ढवळे, चहा व्हयना वं" म्हणत स्टुलावर कप ठेवून येते. गाय बिचारी दोन्हीकडे मान हलवते.

हसण्यावारी चाललं होतं… पण दोनेक महिन्यांपूर्वी लक्षात आलं, आप्पा जेवतच नाहीत. ताट रिकामं परत यायचं, म्हणून मला कळायला उशीर झाला. भाकरी जवळजवळ सगळी ढवळीला जात होती. आप्पांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला आणि ढवळी गुटगुटीत!

नवऱ्याने विचारलं तर "काही नही रे" म्हणून आप्पांनी विषय संपवला. दवाखान्यात नेलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मला रोज विचारावंसं वाटायचं, 'आप्पा, काय होतंय तुम्हाला?' पण एवढी मोठी गोष्ट गायीमार्फत कशी विचारणार? आणि नाही विचारलं तर एक दिवस फार उशीर होईल, ही भीती होतीच.

तर तो सर्व्हर… क्लायंटचं जुनं मशीन, जुनं लिनक्स. आम्ही रॅम भरपूर वाढवली, डेटाबेसला जास्त मेमरी घ्यायला सांगितलं, तर तो सुरूच होईना.

कारण गमतीचं होतं. डेटाबेसचे प्रोग्राम एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मेमरीत एक सामाईक जागा ठेवतात. एकाने तिथे ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं… आमची ढवळीच म्हणा ना. या शेअर्ड मेमरीचा तुकडा किती मोठा असू शकतो, ते ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल ठरवतो. मशीनमध्ये सोळा जीबी रॅम आणि कर्नेलची डिफॉल्ट मर्यादा… फक्त बत्तीस एमबी!

सहकाऱ्याला फोनवर सांगताना माझा आवाज चढलाच. "अहो, ही मर्यादा मशीन लहान होती तेव्हाची आहे. कुणी घातली देव जाणे, नंतर कुणी हात लावला नाही म्हणून तशीच राहिली. आता काय उपयोग तिचा? मी काढूनच टाकते!"

एका फाइलमध्ये एक ओळ बदलली. डेटाबेस निमूट सुरू झाला. मी खुशीत मान वर केली, तर आप्पा माझ्याकडेच बघत होते.

मी काय बोलले ते आठवलं… मर्यादा, काढून टाकते, आणि तेही अशा आवाजात! आप्पा उठून अंगणात गेले. ढवळीपाशी बराच वेळ उभे राहिले, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी ताट मांडून मी नेहमीसारखी आत वळले. मागून खोकल्याचा आवाज आला.

"बेटा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी दारातच थबकले.

"सकायले तू फोनवर बोलनी ना, ते बरोबर शे. मर्यादा कोनी घाली, माले बी याद नही. घर भरेल व्हतं तवयनी शे ती. आते आपन दोनच." मग म्हणाले, "एकला मानूसले जेवन गोड लागत नही. तुन्हं ताट बी आठेच लई ये."

एवढंच होतं त्यांचं दुखणं… माय रोज समोर बसायच्या. त्या गेल्यापासून आप्पा भिंतीकडे बघत जेवत होते आणि मी चार पावलांवर स्वयंपाकघरात एकटी.

मी ताट घेऊन आले. डोळे भरून येत होते. विषय भरताचा निघाला. माय मला सांगायच्या, 'आप्पांना तुझ्या हातचं भरीत फार आवडतं.' आप्पा म्हणाले, ते असं कधी बोललेच नव्हते… त्यांना मायने सांगितलं होतं, की सून खास तुमच्यासाठी भरीत करते! म्हणजे दोन्ही निरोप मायने स्वतःच रचलेले! दोघंही हसलो. आप्पांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

हात धुताना त्यांनी सहज विचारलं, "आनि तुन्हं ते मशीन? मर्यादा काढी ते चालू व्हयनं का मंग?"

म्हणजे त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं… त्यांचा काहीच गैरसमज झाला नव्हता!

"हा आप्पा, चालू व्हयनं," मी म्हटलं. आप्पा मिशीत हसले आणि ओट्यावर जाऊन बसले.

भाकरी बंद झाली म्हणून ढवळी सध्या माझ्यावर रागावलेली आहे. पण तिचे आणि त्या बत्तीस एमबीचे उपकार मी कधीच विसरणार नाही.