बिनलेबलाचे डबे

त्या दिवशी गोदामात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे म्हातारी मनचं सांगते असं कुणी म्हणायला नको. मी होते. माझी धाकटी जाऊ होती. वाडीतल्या आणखी चार बाया होत्या, सगळ्या कारखान्यातल्याच. कारखान्याचे शेठ होते, खुर्ची असून उभे. बँकेने पाठवलेले साहेब होते, घाटावरचे. आणि भंगारवाला होता, काटा घेऊन आलेला. बस, एवढीच माणसं.

मिरजोळ्याला आमचा आंब्याच्या रसाचा कारखाना. मोठ्या डब्यांत रस भरायचा, मशिनीवर झाकण दाबून बंद करायचं, डबे उकळत्या पाण्यात सोडायचे, मग थंड करून गोदामात. मी तिथे सात हंगाम काढले. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. सही येते.

शेठनी कर्ज काढून नवीन मशिनी आणल्या आणि त्याच वर्षी परदेशात जायचा माल अडकून पडला. हप्ते थकले, बँकेने कुलूप घातलं. तेव्हाच तिकडे मुंबईत गिरण्या बंद पडलेल्या, माझा नवरा वळकटी घेऊन घरी आला. त्याची गिरणी बंद, माझा कारखाना बंद. दोघं समोरासमोर बसून पेज प्यायचो. मी चिरेखाणीवर चिरे उचलायला जायला लागले. चिरा डोक्यावर घेतला की मानेतून कळ निघायची ती गुडघ्यापर्यंत जायची. रडले नाय. रडून चिरा हलका होत नाय. पावसाळा लागला तशी खाणही बंद झाली.

श्रावणातल्या एका मंगळवारी निरोप आला, गोदाम रिकामं करायचंय, रोजावर या. बँकेच्या साहेबांचं काम एकच होतं, कारखाना विकून टाकायचा की परत चालवायचा ते ठरवायचं. शुक्रवारी त्यांना मुंबईला कागद न्यायचा होता. मशिनी विकल्या की आमचं कायमचं संपलं, एवढं आम्हाला कळत होतं.

गोदाम छतापर्यंत डब्यांनी भरलेलं. पण एकाही डब्याला लेबल नाय, ते माल निघताना लावायचं असतं. झाकणावर शाईने तारीख मारायचो, तीही गळतीच्या पाण्याने धुऊन गेलेली. साहेब शेठना म्हणाले, "यातला कुठला चांगला, कुठला नासलेला, कोण सांगणार? एक फुगलेला निघाला तरी गिऱ्हाईक सगळा माल परत करेल. याची किंमत मी पत्र्याचीच धरणार."

शेठनी एक डबा उचलला, उलटापालटा करून बघितला आणि परत ठेवला.

आम्ही डबे काढायला लागलो. दाराजवळच्या खिळ्याला माझी जुनी सळी तशीच टांगलेली, टोकाला गोळी असलेली. हाताला सवय. मी सळी घेतली, डबा उचलला, झाकणावर मारली आणि उजवीकडे ठेवला. दुसरा मारला, डावीकडे ठेवला.

जाऊ हसायला लागली. "अगो, पगार थांबला तरी हिचं वाजवणं थांबत नाय!"

साहेब वळले. "मावशी, हे काय करताय?"

"काय नाय, साहेब. बघतेय कुठला बिघडला."

"डबा न उघडता?"

"तो बोलतो ना. चांगल्याचं झाकण आत ओढलेलं असतं, तो टण् करतो. बिघडलेला भद् करतो, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा."

भंगारवाला म्हणाला, "साहेब, काकी आता डब्यांच्या पत्रिकापण जुळवेल."

सगळे हसले. साहेब हसले नाय. त्यांनी स्वतः फिरून दहा डबे आणले. काही गंजके, काही नव्यासारखे चकचकीत. "सांगा."

माझ्या छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं, सळीचा आवाज ऐकूच येणार नाय. एक चकचकीत डबा होता, आरशासारखा. मी मारला. "हा नको, साहेब."

"हा? यात काय वाईट आहे?" म्हणत त्यांनी स्वतःच कटर लावला. फस्सकन् फेस उडाला तो थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर! घाणेरडा आंबट वास सुटला. बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. भंगारवाला म्हणाला, "साहेब, शर्टाला लेबल लागलं!"

मग एक गंजका, काळवंडलेला. तो टण् बोलला. मी म्हटलं, "हा सोन्यासारखा हाय." उघडला. केशरी रस, आणि असा वास की चैत्र आला दारात. कुणी पुढे होईना. मी बोट बुडवलं आणि खाल्लं. सात हंगाम रस भरला, पण शेठच्या समोर खाल्ला तो तेव्हाच पहिल्यांदा.

नवव्या डब्याला मी तीनदा मारलं. "हा मला कळत नाय."

"अंदाज सांगा."

"नाय कळत तर काय सांगू?"

साहेबांनी तो उघडलाच नाय. बाजूला ठेवला. म्हणाले, "कळत नाही म्हणालात ना, म्हणून बाकीच्या डब्यांचं तुमचं खरं मानतो." मग घड्याळाकडे बघून विचारलं, "शुक्रवार सकाळपर्यंत सगळं गोदाम होईल?"

मी एकटी? हजारांनी डबे! पण तोंडातून निघून गेलं, "होईल."

बाया माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांनाही सळ्या दिल्या, पण त्यांना आवाजच ओळखता येईना. जाऊ तर रडकुंडीला आली. "मला दोन्ही सारखेच लागतात गो!"

मी म्हटलं, "सासू मागीलदारी हाक मारते तेव्हा रागात हाय का नाय, ते तुला नुसत्या हाकेवरूनच कळतं ना?"

"न कळून कसं चालेल!"

"मग तसंच ऐक."

आणि तिला जमलं! दोन तासांत ती माझ्यासारखी वाजवायला लागली. संध्याकाळपर्यंत सहाजणींनी डब्यांची एक भिंत संपवली.

बुधवारी सकाळी पाऊस कोसळला. पत्र्याचं छत. असा दणदणाट की शेजारणीची हाक ऐकू येईना, डबा कुठला बोलतोय? तासभर थांबलो. थांबेचना. मला एकदम सुचलं, बॉयलरच्या खोलीला स्लॅब हाय! पण ती अंगणापलीकडे. म्हटलं, चिरे उचलले, हे डबे काय जड हायत? टोपल्या डोक्यावर, टोपल्यांवर गोणपाट, चिखलातून धावत सुटलो. माझा नवरा न बोलावताच आला आणि ओझ्याला लागला. शेठनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही लागले. भंगारवाला बराच वेळ दारात बघत उभा. शेवटी म्हणाला, "माझा धंदा बुडवताय, बुडवा. पण निदान हातगाडी तरी घ्या."

दोन दिवस तेच. कान दुखायला लागले. चांगले डबे एकीकडे चढत चालले, चढत चालले, आणि ती रास बघून दमायलाच होईना. बिघडलेले थोडेच निघाले. न कळणारे वेगळे ठेवले.

शुक्रवारी साहेबांनी चांगल्या राशीतून कुठलेही वीस डबे ओढले आणि उघडले. एकोणीस चांगले निघाले. एक नासका. जाऊ पुढे झाली आणि म्हणाली, "तो माझा असेल, साहेब."

साहेब म्हणाले, "एवढं चालेल. घेणारा परत तपासून घेईलच." कागद बॅगेत घातला आणि निघाले.

पंधरा दिवस काहीच कळलं नाय. मग साहेब मुंबईच्या आइस्क्रीमवाल्या व्यापाऱ्याला घेऊनच आले. त्याने आपल्या माणसाकडून माल तपासून घेतला आणि सगळी चांगली रास उचलली. नव्या मशिनी विकल्या, शेठची मोटार गेली, जुन्या मशिनी राहिल्या. बँकेने हप्ते लहान करून लांबवले. आमचा थकलेला पगार अर्धा तेव्हा आणि अर्धा हंगामात मिळणार होता. साहेबांनी विचारलं, "थांबाल का?" जाऊ म्हणाली, "चिऱ्यापेक्षा वाट बघणं हलकं हाय."

पुढल्या वैशाखात बॉयलर पेटला. धूर रस्त्यावरून दिसत होता, आणि आम्ही सगळ्या बाया चालायचं सोडून धावत गेलो, म्हाताऱ्या असल्यासारख्या नाय, पोरींसारख्या. पहिला डबा थंड झाल्यावर शेठनी सळी माझ्या हातात दिली. मी मारली.

टण्!

आता उजव्या कानाने मला ऐकू येत नाय. सळी माझ्याकडेच हाय. ऐकणाऱ्याला एकच सांगणं, घरी कसलाही डबा आणलात तर उघडायच्या आधी झाकण हाताने चाचपा. फुगलेलं लागलं तर पैसे गेले म्हणून हळहळत पोरांना घालू नका. टाकून द्या.