तिसऱ्या मजल्यावरची अपुरी गिटार

सानपाड्यातली आमची सोसायटी चार मजली, बिनलिफ्टची. दुसऱ्या मजल्यावर अरुणाताई बिवलकर राहतात. त्यांच्या बरोबर वर बंडू साळवी राहायचे, आणि खाली मी.

अरुणाताईंना विमा कंपनीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नवरा नाही, मुलगी क्षिप्रा पुण्यात. अर्धशिशीचा त्रास जुना. दुपारी जेवण झालं की पडदे ओढायचे, कपाळाला बाम चोळायचा आणि दोन ते चार पडून राहायचं, हा त्यांचा नेम. नेमकी तीच वेळ साळवींच्या कामाची.

साळवी गुहागरकडचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होते, नंतर द्रोणागिरीच्या एका गोदामात चेकर. लग्न केलं नाही. जहाजावरच्या साहेबलोकांनी रिकाम्या केलेल्या सिगारच्या लाकडी पेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्याला त्यांनी पाहिलं होतं. तशाच पेटीत काठी बसवून, वर तीन तारा ताणून तो गिटार वाजवत होता. नोकरी संपली की आपणही तशी करायची, हे तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा कळायची ती फक्त ठकठक.

अरुणाताई दोनदा वर जाऊन सांगून आल्या. साळवी दारात उभे राहून सॉरी म्हणायचे आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी जूनमध्ये अरुणाताईंनी सोसायटीला तक्रारीचं पत्र लिहिलं. अकरा जणांनी सह्या केल्या. त्यात माझीही होती. मला तो आवाज कधी ऐकूही आला नव्हता, पण शेजारणीला नाही कसं म्हणायचं. सेक्रेटरी गीतांजलीने पत्र वर नेऊन दिलं, आणि ठकठक थांबली.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दूधवाल्याने वॉचमनला सांगितलं की साळवींच्या दाराशी तीन दिवसांच्या पिशव्या तशाच पडल्यात. दार फोडलं. साळवी स्वयंपाकघरात जमिनीवर होते. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले, आणि तोही बहुतेक सोमवारी दुपारी आलेला.

अरुणाताईंनी तेव्हा मला एकच वाक्य सांगितलं. "त्या तिन्ही दुपारी मला इतकी छान झोप लागली होती."

साळवींची बहीण दुर्गाबाई गावाहून आली. दिवस वगैरे तिकडेच करायचे ठरले. जाताना घराच्या नव्या कुलुपाची किल्ली तिने अरुणाताईंकडे दिली. खालीच राहता, अधूनमधून खिडक्या उघडा, म्हणाली. अरुणाताईंनी किल्ली घेतली. पत्राचं काही बोलल्या नाहीत.

पंधराएक दिवसांनी त्यांना ठकठक ऐकू येऊ लागली.

आधी त्यांनी प्लंबर बोलावला. पाइपात हवा धरली असेल असं त्यांना वाटलं. त्याने सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग एका दुपारी त्यांनी मला आपल्या घरी बोलावलं. आम्ही दोघी पलंगावर बसलो, पंखाही बंद केला. मला काहीच ऐकू आलं नाही. पण अरुणाताईंचं बोट पलंगाच्या काठावर चालू होतं. तीन ठोके, थोडं थांबून दोन. पुन्हा तीन. आपलं बोट हलतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच वर गेल्या. काय पाहिलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. हॉलमध्ये खिडकीजवळ साळवींचा पाट होता, पाटाखाली चौपदरी केलेली गोधडी. शेजारी पटाशी, कानस आणि हातोडी. हातोडीच्या तोंडाला लोकरीचा मोजा चढवून दोऱ्याने घट्ट बांधलेला होता.

म्हणजे पत्रानंतरही साळवींचं काम थांबलं नव्हतं. ते फक्त अरुणाताईंना ऐकू येऊ नये असं करत होते.

पाटावर एक पेटी होती. झाकणावर फिकट झालेलं बाईचं चित्र. दोन्ही बाजूंना खाचा पाडून त्यातून सागवानी पट्टी आरपार बसवलेली, पट्टीवर पेन्सिलने स्वरांच्या पडद्यांच्या खुणा, सातव्या खुणेपर्यंतच. तारा नव्हत्या. भिंतीशी चार पेट्या खाच पाडताना चिरलेल्या, आणि पाच कोऱ्या. एका वहीत मापं आणि चित्रं, वळणदार अक्षरात.

अरुणाताई ती पेटी खाली घेऊन आल्या. लहानपणी त्या गाणं शिकल्या होत्या, हार्मोनियमच्या पेटीवर. त्यापलीकडे वाद्य घडवण्याचा त्यांचा काही संबंध नव्हता. वही वाचून वाचून त्यांनी उरलेल्या खुणा केल्या. वाशीतल्या दुकानातून खुंट्या आणि तारा आणल्या. घोडी म्हणून तारांखाली एक जाड बोल्ट आडवा ठेवला. पहिल्यांदा तारा ताणल्या तेव्हा पट्टी वाकली आणि सगळं उखडून आलं. दुसऱ्यांदा जमलं. तारा त्यांनी सा, प आणि वरचा सा अशा लावल्या, आणि वहीत लिहिलं होतं तशी काचेची छोटी बाटली बोटात घालून तारेवरून सरकवली.

तो आवाज मी माझ्या घरात ऐकला. भाजी चिरत होते, हात थांबला. शेजारच्या खोलीत कुणीतरी नाकातून, रडू आवरत बोलतंय असं वाटलं. शब्द तेवढे कळत नव्हते.

वाजवत असेपर्यंत वरची ठकठक थांबते, असं अरुणाताईंच्या लक्षात आलं. गिटार खाली ठेवली की सुरू. म्हणून त्या रोज दुपारी वाजवू लागल्या. झोप गेली. डोकं दुखत असलं तरी पट्टी बांधून बसायच्या. क्षिप्राने पुण्याला ये म्हणून खूप सांगितलं, डॉक्टरची वेळही घेतली. अरुणाताई डॉक्टरकडे जाऊन आल्या, गोळ्याही घेतल्या, पण दुपारी घर सोडायला तयार होईनात. सोसायटीत सगळ्यांना आवाज जायचा. कुणी चकार शब्द काढला नाही. जिन्यात भेट झाली की अकराही जण खाली बघायचे, मीसुद्धा.

दिवाळीनंतर घर विकायच्या कागदांसाठी दुर्गाबाई आली. अरुणाताईंनी तिला चहाला बोलावलं, आणि मलाही बसवून घेतलं. त्यांना एकटीला धीर होत नव्हता. चहा गार झाला तरी कुणी कपाला हात लावला नाही. मग अरुणाताईंनी गिटार आणून तिच्यासमोर ठेवली.

"ही तुमच्या भावाची. मी पुरी केलीय. आणि त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं तेही मीच."

दुर्गाबाई झाकणावरच्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याने मला फोनवर सांगितलान होतं. सोसायटीने पत्र दिलंनी म्हणून. कुणी लिहिलं ते नव्हता बोलला." अरुणाताईंकडे बघून म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत तर किल्ली तुमच्याकडे दिली नसती."

अरुणाताईंनी मान हलवली. मी पत्रावर माझीही सही असल्याचं सांगितलं. दुर्गाबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग तिने गिटार वाजवायला सांगितलं. अरुणाताईंनी वाजवली, दहाएक मिनिटं. दुर्गाबाई डोळे मिटून बसली होती. थांबल्यावर तिने टॉवेल मागितला, गिटार त्यात गुंडाळली आणि उठली. अरुणाताईंनी चाचरत कोऱ्या पेट्यांचं विचारलं. घ्या हव्या तर, मला काय करायच्यात, असं दारातूनच म्हणून ती जिना उतरली.

वरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहायला आलंय. त्यांना कसलाही आवाज येत नाही. अरुणाताईंना येतो, पण रोज नाही. आला की त्या पटाशी घेऊन बसतात. एक पेटी चिरली, दुसरीची गिटार झाली. खाच पाडताना पट्टी धरायला कधीकधी मला बोलावतात.

फेब्रुवारीत दुर्गाबाईचा फोन आला. तार तुटली होती, नवी कशी घालायची ते विचारत होती. अरुणाताईंनी अर्धा तास समजावलं. तेवढं ऐकून तिने फोन ठेवला. आठवड्याने पुन्हा आला, संध्याकाळी. त्या वेळी मी तिथेच होते. तार घातली होती, पण सूर लागत नव्हता. दुर्गाबाईने फोन गिटारजवळ धरला आणि तार छेडली.

अरुणाताईंनी कान फोनला टेकवला. "थोडी वर," त्या म्हणाल्या. तिकडे खुंटी करकरली. "अजून जराशी. सावकाश फिरवा."